गॅस सिलिंडरने भाजले, तर भरपाई कोण देणार?

घरगुती सिलिंडरच्या स्फोटात कोणी भाजले की दवाखान्याचा खर्च घरच्यांच्याच माथी, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात सरकारी तेल कंपन्यांनी अशा अपघातांसाठी विमा उतरवलेला असतो आणि त्याचा हप्ता ग्राहकाला वेगळा भरावा लागत नाही. या विम्यात मृत्यू झाल्यास प्रत्येकी 6 लाख रुपये आणि उपचारखर्चापोटी प्रत्येकी कमाल 2 लाख रुपये मिळू शकतात. नोंदणीकृत पत्त्यावरील मालमत्तेच्या नुकसानीसाठीही 2 लाखांपर्यंत तरतूद आहे.

अपघात झाल्यावर वितरकाला लगेच लेखी कळवावे आणि पोहोच घ्यावी. पोलीस पंचनामा, अग्निशमन दलाचा अहवाल, दवाखान्याची मूळ बिले, भाजल्याचे फोटो हे सारे जपून ठेवावे. फुटलेला रेग्युलेटर किंवा नळी फेकू नये. तोच पुरावा ठरतो.

विम्याची रक्कम म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. सदोष सिलिंडर किंवा वितरकाचा निष्काळजीपणा कारणीभूत असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक आयोगाकडे भरपाई मागता येते. बुडालेली कमाई, पुढच्या शस्त्रक्रिया, व्रण आणि मनस्ताप यांचाही विचार होऊ शकतो. मुदत साधारण दोन वर्षांची. आगीबाबत हयगय करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 खाली गुन्हाही आहे.

मात्र मुदत संपलेली नळी किंवा घरगुती सिलिंडरचा धंद्यासाठी वापर दाव्याच्या आड येतो. नळीवरची तारीख आजच पाहा. गळतीचा वास आला, तर 1906 हा क्रमांक लक्षात असू द्या.