नाव तेच, डिस्क नवी

मेनफ्रेमवर झेड-ओएसचं नवं व्हर्जन चढवायचं म्हटलं, की नवखा सिस्टीम प्रोग्रामर आधी लायब्ररींच्या नावांना हात घालतो. नावातच व्हर्जनचा आकडा असला की घोळ होणार नाही, अशी त्याची समजूत असते. घोळ तिथूनच सुरू होतो. पुढच्या अपग्रेडला तो आकडा शेकडो जेसीएलमधून शोधून बदलावा लागतो आणि नजरेतून सुटलेला एखादा जॉब महिनाअखेरीला पडतो.

सिस१.लिंकलिब हे नाव १९६०च्या दशकातल्या ओएस/३६०पासून तेच आहे. बदलते ती डिस्क. कॅटलॉगमध्ये व्हॉल्यूमच्या जागी सहा स्टार लिहिले, की ज्या डिस्कवरून आयपीएल झालं, म्हणजे सिस्टीम सुरू झाली, तीच डिस्क सिस्टीम धरून चालते. नवी प्रत वेगळ्या डिस्कवर बांधायची आणि तिच्यावरून आयपीएल करायचं. बिनसलं तर जुनी डिस्क आहेच. डीबी२सारख्या प्रॉडक्टला आकडा लागतोच, पण तो सिस्टीम सिंबॉलमध्ये एका जागी ठेवावा.

दुसरी समजूत लिंकलिस्टची, म्हणजे सिस्टीम ज्या लायब्ररींमध्ये प्रोग्राम शोधते त्या यादीची. ‘नवी लिंकलिस्ट ॲक्टिव्हेट केली की सगळ्यांना लागू झाली,’ हेही खरं नाही. आधीपासून चालू असलेले जॉब जुनीच यादी धरून बसतात. महिनाभर न थांबलेलं सीआयसीएस रीजन महिनाभर जुन्याच यादीतून प्रोग्राम उचलत राहतं. सेटप्रॉगच्या अपडेट कमांडने त्याला जबरदस्तीने नव्या यादीवर आणता येतं. पण त्याच क्षणी तो जॉब जुन्या यादीत प्रोग्राम शोधत असेल तर काय होईल, याचा भरवसा नाही. चालू प्रॉडक्शनवर मी ती कमांड देणार नाही.

सगळ्यात महागात पडतो तो कॉम्प्रेस. लायब्ररी भरली, दाबून जागा केली, यात काय बिघडलं? बिघडतं ते एलएलएमुळे (लायब्ररी लुकअसाइड): तो लायब्ररींची डिरेक्टरी मेमरीत धरून असतो. कॉम्प्रेसमध्ये मेंबर डिस्कवर सरकतात, एलएलएकडे मात्र जुनाच पत्ता राहतो. मग कालपर्यंत बिनतक्रार चालणारे जॉब एस१०६ ॲबेंडने धडाधड पडू लागतात. पीडीएस प्रकारच्या लायब्ररीने आयपीएलनंतर नवा एक्स्टेंट घेतला तरी हीच गत, म्हणून लिंकलिस्टमधल्या पीडीएसला सेकंडरी स्पेस देऊच नये. जागा संपली तर मोठी लायब्ररी नव्या नावाने करावी, मेंबर कॉपी करावेत आणि यादीत ती जोडावी.

आणि लिंकऑथ हे पॅरामीटर डीफॉल्टवर असेल, तर लिंकलिस्टमधून उचललेला प्रत्येक प्रोग्राम एपीएफ-ऑथराइज्ड लायब्ररीतला धरला जातो. त्यामुळे त्या लायब्ररींवर अपडेटचा अधिकार कोणाकोणाला आहे, हे आयपीएलच्या आधीच रॅकफमध्ये बघून घ्यावं.