दिवान झाया, आते बिल कसाले?

लग्नसराई आली की जळगाव-धुळ्यातल्या फर्निचरच्या दुकानांबाहेर सागवानी दिवाण उन्हात पॉलिश खात उभे असतात. भाचीच्या आंदणासाठी असाच एक बघायला गेलो होतो. भाव ठरला. लाकूड कुठलं आणि पक्कं बिल मिळेल का, असं विचारल्यावर दुकानदार हसला. "भाऊ, दिवान झाया, आते बिल कसाले जोयजे?"

खान्देशातला सगळ्यात मुरलेला गैरसमज हाच. ओंडका चोरीचा असेल तर असेल, एकदा त्यावर रंधा फिरला की तो सुटला! कायदा तसं मानत नाही. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातल्या व्याख्येनुसार कापलेलं, घडवलेलं, कोरलेलं लाकूडही लाकूडच असतं. म्हणजे दिवाणसुद्धा. त्याच कायद्याचं कलम ६९ आणखी कडक आहे. माल सरकारी आहे की नाही, असा प्रश्न निघाला तर तो सरकारचाच धरायचा आणि तसं नसल्याचा पुरावा दुसऱ्याने द्यायचा. वखारीतला हातोड्याचा शिक्का, वाहतूक पास, सॉ मिलची नोंद, दुकानाचं बिल ही सगळी एकाच साखळीची कडी आहेत. दुकानदाराला नको असलेलं कडं नेमकं शेवटचं, गिऱ्हाइकाच्या हाती येणारं.

"बांधावरचा साग माझाच, मी कधीही पाडीन," हेही सर्रास ऐकू येतं. महाराष्ट्रात १९६४ पासून वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा आहे. साग तर त्याच्या यादीत आहेच, शिवाय आंबा, चिंच, मोह, अंजनही आहेत. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते.

सातपुडा आदिवासींनीच बोडका केला, हे वाक्य शहरी दिवाणखान्यात फार सोपं वाटतं, बहुधा सागवानी सोफ्यावर बसूनच. रात्री कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या हाती मजुरी पडते. लाकडाची किंमत शोरूममध्ये ठरते. मात्र 'फर्निचरनेच जंगल खाल्लं' म्हणणंही अर्धवट. शेजारच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात २०२२-२३ मध्ये मोठी तोड झाली, ती मुख्यतः जमीन बळकावण्यासाठी. जगभरातही उष्णकटिबंधातलं जंगल सर्वाधिक जातं ते शेती आणि गुरांच्या कुरणांपायी. फर्निचरवाल्याची खोड वेगळी: त्याला सरळ, जाड, पिकलेला साग हवा असतो. बी धरणारी झाडं तीच. ती गेली की खोडावर फुटव्यांच्या बल्ल्या उरतात आणि लांबून जंगल हिरवंच दिसतं.

सातपुडा हे वर्षावन नाही. १९६९ मध्ये घोषित झालेलं यावल अभयारण्यही उन्हाळ्यात पानं गाळून उभं राहतं. वर्षावनाशी आपला संबंध येतो तो, गंमत म्हणजे, आपण 'झाड वाचवलं' म्हणून मिरवतो त्या प्लायवूडमधून. आतला गाभा बहुतेकदा पॉपलर किंवा निलगिरीचा, शेतात लावलेल्या झाडांचा. खरी गोष्ट वरच्या कागदासारख्या पातळ थरात आहे. कारागीर ज्याला 'गर्जन फेस' म्हणतात, तो म्यानमार-लाओसकडच्या उंच रानझाडांचा, आणि त्या कुळातल्या अनेक जाती आज धोक्यात आहेत. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात थांबवली, तेव्हा भारतीय उद्योग लाओसकडे वळला. २०१६ मध्ये लाओसनेही कच्चं लाकूड बाहेर पाठवायला बंदी केली. मग आफ्रिकेतल्या गॅबॉनच्या ओकुमे लाकडाचा भाव वधारला. तिथे ओंडक्यांची निर्यात २०१० पासूनच बंद असल्याने आपल्याच उद्योजकांनी तिकडे थर सोलायचे कारखाने टाकले. एक दार बंद झालं की मागणी शेजारचं ठोठावते.

परदेशी साग म्हणजे वर्षावनाची कत्तल, असंही सरसकट नसतं. साग मूळचा भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओसचा. इक्वेडोर, पनामा, घानातून येणारा साग लागवडीचाच असतो. म्यानमारचा असेल तर मात्र प्रश्न विचारायलाच हवेत.

मी ते विचारत राहिलो. दुकानदार कंटाळला आणि बॉक्स-बेडवर थाप मारून म्हणाला, "मग हा घ्या, गर्जन प्लाय आहे, याचं बिल देतो."

"गर्जन कुठला?"

"गांधीधामचा."