विश्लेषण : दिसायला स्पोर्टी, किमतीला साधी… कूपेचे गणित काय?

दोन दरवाजे, मागे जेमतेम जागा. तरी लोक कूपे का घेतात? फोर्डने १७ एप्रिल १९६४ रोजी अमेरिकेत मस्टँग आणली, मूळ किंमत २,३६८ डॉलर. लांब बॉनेटखालचे बरेचसे भाग मात्र फाल्कन या साध्या कौटुंबिक गाडीचे होते. मूळ इंजिन सहा सिलिंडरचे, १०१ अश्वशक्तीचे. म्हणजे रुबाब जास्त, वेग बेताचा. व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, एसी, प्रत्येकाचे पैसे वेगळे. खरी मेख याच यादीत होती. वर्षभरात चार लाखांहून अधिक गाड्या खपल्या!

हीच मस्टँग २०१६ मध्ये भारतात आली ती ६५ लाखांना. तयार गाडीवरच्या भरमसाट आयात शुल्काने तिथली तरुणांची गाडी इथे धनिकांची केली.

फाल्कनची युक्ती इथे वेगळ्या रूपात दिसली. सिट्रोएनची बसॉल्ट २०२४ मध्ये ७.९९ लाखांपासून (एक्स-शोरूम) आली. पाया सी३ एअरक्रॉसचाच, छप्पर कूपेसारखे उतरते, पण दरवाजे चार. आजी-आजोबांना मागे बसवायची अडचण नाही. अस्सल कूपेप्रेमी नाक मुरडतील, मुरडोत. मात्र जाहिरातीतल्या ७.९९ लाखांच्या गाडीत टर्बो इंजिन नव्हते. त्यासाठी वरचे मॉडेल घ्यावे लागे.