काशीत सापडलेले हरिकेन

१९८२ साली पीटर व्हॅचर हे इंग्रज गृहस्थ जुन्या रोल्स-रॉइस गाड्यांच्या शोधात भारतभर हिंडत होते. वाराणसीत, बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात, त्यांना दिसले ते एक लढाऊ विमान. ऊनपावसात उभे असलेले हॉकर हरिकेन, क्रमांक आर ४११८.

या क्रमांकावरच पुढचे सारे अवलंबून होते. हरिकेन जातीची १४ हजारांहून अधिक विमाने बनली. नुसत्या रूपावरून एक दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. स्क्वाड्रनची अक्षरे बदली झाली की बदलत, रंग वरचेवर दिला जाई. क्रमांक मात्र कारखान्यात मिळे आणि रॉयल एअर फोर्सच्या कागदोपत्री तोच चाले. विमान कोणत्या तुकडीकडे कधी गेले, कधी मोडले, कधी दुरुस्त झाले याची नोंद त्याच्या कार्डावर होई. कोणत्या वैमानिकाने ते कधी नेले, हे स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवहीत मिळते. त्याला वैमानिकाच्या लॉगबुकाचा दुजोरा मिळाला, की विमानाचा इतिहास पक्का होतो.

आर ४११८ चा इतिहास असाच जुळला. ते ऑगस्ट १९४० मध्ये ६०५ स्क्वाड्रनकडे आले. सप्टेंबरात ही स्क्वाड्रन स्कॉटलंडमधल्या ड्रेमहून लंडनजवळच्या क्रॉयडनला हलली, ती थेट ‘बॅटल ऑफ ब्रिटन’च्या ऐन धुमश्चक्रीत. तिथून या विमानाने ४९ लढाऊ उड्डाणे केली आणि शत्रूची पाच विमाने त्याच्या नावावर लागली. ऑक्टोबरात चकमकीत त्याचे नुकसान झाले. दुरुस्तीनंतर ते प्रामुख्याने प्रशिक्षणाच्या कामी आले आणि १९४३ च्या अखेरीस खोक्यात बंद होऊन भारताच्या वाटेला लागले. १९४७ मध्ये ते अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी विद्यापीठाला मिळाले. त्यामुळेच ते वाचले. त्याच्या पिढीतली बहुतेक विमाने तोवर भंगारात वितळली होती.

विमान ताब्यात मिळवायला व्हॅचर यांना अनेक वर्षे पाठपुरावा करावा लागला. अखेर २००१ मध्ये व्यवहार झाला, विमान इंग्लंडला गेले आणि डिसेंबर २००४ मध्ये पुन्हा आकाशात झेपावले. युद्धकाळात ते चालवणारे वैमानिक बॉब फॉस्टर तेव्हा हयात होते.

पण दुरुस्त झालेले विमान ‘तेच’ राहते का? स्पिटफायर एन ३२०० चे उदाहरण पाहा. २६ मे १९४० रोजी डंकर्कच्या लढाईत जेफ्री स्टीफन्सन यांना ते कॅलेजवळच्या किनाऱ्यावर उतरवावे लागले. वाळूने गिळलेले विमान १९८६ मध्ये बाहेर काढले गेले आणि २०१४ मध्ये उडाले. मात्र त्यासाठी त्याचा फार मोठा भाग नव्याने घडवावा लागला. काही प्रकल्पांत तर मूळ ओळखपट्टी आणि मोजके सुटे भाग एवढ्यावरच जुना क्रमांक पुढे चालतो. यात बेकायदा काही नाही, पण जुने किती आणि नवे किती हे मालकाने उघड सांगायलाच हवे. आर ४११८ मोलाचे ठरते ते इथे: कोसळून चक्काचूर न झाल्यामुळे त्याचे कितीतरी मूळ भाग कागदांसोबत टिकून राहिले.

आपल्याकडेही जुन्या लढाऊ विमानांचा ठेवा आहे. दिल्लीत पालमच्या वायुसेना संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर आणि टेम्पेस्ट आहेत. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात भारतात घडलेले मरुत हे लढाऊ विमान उभे आहे. शिवाय गावोगावच्या चौकांत आणि महाविद्यालयांच्या आवारांत निवृत्त लढाऊ विमाने दिसतात. दर काही वर्षांनी त्यांना नवा रंग चढतो, आणि रंगाऱ्याच्या हातून एक आकडा चुकला तरी विमानाची ओळख पुसली जाते. म्हणून ज्यांच्या ताब्यात ही विमाने आहेत त्यांनी रंगकाम सुरू करण्यापूर्वी बाजूवरच्या क्रमांकाचे, कॉकपिटमधल्या ओळखपट्टीचे आणि सांगाड्यावर ठोकलेल्या आकड्यांचे फोटो काढून ठेवावेत. विमान आले तेव्हाची पत्रे आणि पावत्याही दप्तरातून रद्दीत जाऊ देऊ नयेत.