वस्ती कशी निवडावी? : शाळा, प्रवास आणि भाडं यांचा हिशेब

मागच्या व्याख्यानात आपण 'निर्णय' या संकल्पनेबद्दल बोललो होतो. ते संपल्यावर एक तरुण जोडपं थांबलं. दोघंही छत्रपती संभाजीनगरहून पुण्याला येणार आहेत. त्याची नोकरी हिंजवडीला, तिची मगरपट्ट्याला. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाईल. "सर, वाकडला राहावं, कोथरूडला की हडपसरला? तुम्ही एवढं निर्णयावर बोललात, तर हे सांगा." (हशा)

मी म्हटलं, मला वेळ द्या. कारण तत्त्वज्ञानाच्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो हसून टाळतो, आणि ते मला बरोबर वाटत नाही. कुठे राहायचं, हा प्रश्न लहान नाही. आपण रोज कुणाला भेटणार, मूल कुणाबरोबर खेळणार, दिवसातले किती तास रस्त्यावर जाणार, हे सगळं त्यात ठरतं. म्हणून आजचं व्याख्यान त्या एका प्रश्नावर.

सुरुवात एका जुन्या पत्रापासून करतो. साल १७७२. इंग्लंडमधल्या लीड्स गावात जोसेफ प्रीस्टली नावाचे धर्मोपदेशक होते. विज्ञानाचे मोठे अभ्यासक. त्यांना लॉर्ड शेलबर्न या सरदाराने नोकरी देऊ केली होती. त्यासाठी लीड्स सोडून, बायकामुलांसह दूर दक्षिणेला काल्न या गावी जावं लागणार होतं. म्हणजे बघा, प्रश्न आपलाच. त्यांनी सल्ला विचारला बेंजामिन फ्रँकलिनना. फ्रँकलिननी उत्तर पाठवलं, त्याचा मतितार्थ असा : काय ठरवावं हे मी सांगू शकत नाही, पण कसं ठरवावं हे सांगतो. एका कागदावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला अनुकूल मुद्दे लिहा, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जा. मग समान वजनाचे मुद्दे दोन्हीकडून खोडा. जी बाजू शिल्लक राहील तिकडे जा.

ही पद्धत चांगली आहे. आठवण दगा देते, आज एक मुद्दा डोळ्यांसमोर असतो, उद्या दुसरा. कागदावर ते एकत्र दिसतात. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे. खोडायचं तर वजन करता आलं पाहिजे, आणि वजन करायला तराजू एकच लागतो. भाडं रुपयांत मोजतो, प्रवास मिनिटांत. शाळा कशात मोजणार? माझा आजचा मुद्दा एवढाच आहे की या तिन्हींची बेरीज होत नाही. आणि बेरीज करायला गेलं की कुणाचा तरी भार हिशेबातून गळतो. तो कसा, ते पाहू.

आधी खर्च. हा सर्वांत सोपा वाटतो, कारण आकडा समोर असतो. पण जाहिरातीतला आकडा म्हणजे खर्च नव्हे. भाडं, डिपॉझिट, सोसायटीचा मेंटेनन्स, आणि पाणी. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. हद्द कागदावर एका दिवसात वाढते, जलवाहिनी तशी वाढत नाही. शहराच्या कडेला कित्येक सोसायट्या टँकरवर चालतात आणि उन्हाळ्यात तो खर्च रहिवाशांवरच येतो. म्हणून घर बघायला जाल तेव्हा एजंटला विचारू नका, वॉचमनला विचारा, "दिवसाला टँकर किती येतात?" त्याला खोटं बोलायचं काही कारण नसतं. आणि विकत घेणार असाल, तर मुद्रांक शुल्कच साधारण ६-७ टक्के जातं. चूक झाली म्हणून घर बदललं, तर ते पैसे परत येत नाहीत. पण ११ महिन्यांचा भाडेकरार चुकला, तर नुकसान सोसता येतं.

आता प्रवास. समजा, दोन घरं आहेत. एकापासून ऑफिसला २५ मिनिटं लागतात, दुसऱ्यापासून ७५. फरक एका वेळचा ५० मिनिटं, जाऊन-येऊन १००. वर्षाला २४० दिवस कामावर गेलात, तर ४०० तास. आठ तासांचा दिवस धरला तर कामाचे ५० दिवस होतात. आता दूरचं घर महिन्याला ८,००० रुपयांनी स्वस्त असेल, तर वर्षाला ९६,००० वाचले. भागा. तुम्ही आपला तास २४० रुपयांना विकलात. आणि त्यातून पेट्रोल वजा करायचं अजून राहिलंच आहे. काहींना हा सौदा परवडतो, काहींना करावाच लागतो. पण तो सौदा आहे, हे माहीत असावं.

अर्थशास्त्राचं साधं तर्कशास्त्र म्हणतं की माणूस लांबचा प्रवास पत्करतो तो काहीतरी बदल्यात मिळतं म्हणून : मोठं घर, कमी भाडं, जास्त पगार. म्हणजे एकूण समाधान सारखंच राहायला हवं. ब्रुनो फ्राय आणि अलॉइस श्टुत्सर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या माहितीवरून हे तपासलं. त्यांचा निबंध २००८ चा. त्यांना दिसलं की लांब प्रवास करणाऱ्यांचं समाधान कमीच असतं. भरपाई पुरी होत नाही. याचं एक कारण मला असं वाटतं : मोठ्या खोलीची आपल्याला महिन्याभरात सवय होते. ट्रॅफिकची होत नाही, कारण तो रोज वेगळा असतो. आज ४० मिनिटं, उद्या पावसात दोन तास.

इथे आणखी एक सावधगिरी. "मेट्रो येणारच आहे" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक जण ऐकवेल. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं. पहिली गाडी मार्च २०२२ मध्ये धावली. स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. मी मेट्रोवर टीका करत नाही. मोठी कामं वेळ घेतात. पण जे मूल जून २०१६ मध्ये पहिलीत गेलं, ते स्वारगेटला मेट्रो पोचली तेव्हा नववीत होतं. प्रकल्पाचा काळ वेगळा, बालपणाचा काळ वेगळा. घर निवडताना आज जे वाहन आहे त्यावर निवडा. उद्याचं आलं तर आनंद.

तिसरी गोष्ट शाळा. आई-बाप सर्वांत जास्त इथेच घाबरतात. अमेरिकेत १९९४ पासून एक मोठा प्रयोग झाला, 'मूव्हिंग टू अपॉर्च्युनिटी'. बॉस्टन, बाल्टिमोर, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या शहरांतल्या अत्यंत गरीब वस्त्यांतली सुमारे ४,६०० कुटुंबं त्यात होती. त्यांतल्या काहींना सोडत काढून, कमी गरिबीच्या वस्तीत घर घेण्यासाठी मदत दिली. पुढे राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी ती मुलं मोठी झाल्यावर पाहिलं. जी मुलं वस्ती बदलताना तेरा वर्षांच्या आतली होती, त्यांची पुढची कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. जी त्याहून मोठी होती, त्यांना फायदा दिसला नाही. उलट थोडं नुकसानच झालं असावं.

हा निष्कर्ष जसाच्या तसा वाकड-कोथरूडला लावू नका. ती कुटुंबं दारिद्र्यातून बाहेर पडत होती, आपलं जोडपं दोन सुस्थित वस्त्यांमध्ये निवड करतंय. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे : मुलाचं वय. पहिलीतल्या मुलासाठी वस्ती बदलणं आणि नववीतल्या मुलासाठी बदलणं, हा एकच निर्णय नाही. नववीतलं मूल मित्र सोडून येतं, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ते लिहिलेलं नसतं.

शाळेबद्दल दुसरा मुद्दा अंतराचा. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात परिसर-शाळेची कल्पना मांडली होती : परिसरातली सगळी मुलं, श्रीमंत-गरीब, एकाच शाळेत जावीत. ते घडलं नाही. शिक्षण हक्क कायद्यात त्याची एक खूण उरली. खासगी शाळांत प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी, आणि त्यात घर ते शाळा हे अंतर पाहिलं जातं. ज्यांना तो लागू आहे त्यांच्यासाठी घराचा पत्ता हाच प्रवेशाचा रस्ता असतो. भाड्याच्या घराचा करार नोंदवलेला असणं तिथे फार महत्त्वाचं.

बाकीच्यांचं काय चाललंय? सकाळी सात वाजता एखाद्या मोठ्या सोसायटीच्या गेटपाशी उभे राहा. पाच शाळांच्या पाच पिवळ्या बस येतात. एकाच जिन्यातली मुलं पाच दिशांना जातात आणि संध्याकाळी दमून येतात. आपण 'चांगली शाळा' निवडतो आणि शेजार गमावतो. सहा वर्षांच्या मुलीला दोन वेळा तास-तासभर बसमध्ये बसवणारी उत्तम शाळा, आणि दहा मिनिटांवरची बरी शाळा, यात मी दुसरी घेईन. निदान चौथीपर्यंत तरी.

आता तो गळणारा भार. हे मी पुस्तकातून सांगत नाही.

१९८३ मध्ये आम्ही मिरजेहून पुण्याला आलो. मी फ्रँकलिनचं पत्र तेव्हा वाचलेलं होतं, अगदी ताजं. कागद घेतला, रेघ मारली. एक घर निघालं : भाडं बेताचं, मुलांची शाळा चालत पाच मिनिटं, माझं कॉलेज सायकलने दहा मिनिटं. मला अभिमान वाटला. सौभाग्यवतींची नोकरी पिंपरीत होती. सकाळी पीएमटीने शिवाजीनगर स्टेशन, तिथून लोकलने पिंपरी, पुढे चालत. संध्याकाळी तेच उलट. हे सतरा वर्षं चाललं. त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी मी सहज म्हणालो, "घर मात्र आपण बरोबर निवडलं होतं." त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या कागदावर भाडं होतं, मुलांची शाळा होती, तुमचं कॉलेज होतं. माझी लोकल कुठे होती?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. मी बेरीज बरोबर केली होती, पण 'कुटुंबाचा फायदा' अशी एकच रक्कम धरली होती. फायदा तिघांचा होता, भार एकीचा. आणि माझ्या आईचा. तिचा मिरजेतला कट्टा सुटला आणि तिसरा मजला वाट्याला आला. तोही कागदावर नव्हता.

म्हणून माझी सुधारलेली पद्धत अशी. मुद्द्यांचे रकाने करू नका, माणसांचे करा. घरातल्या प्रत्येकाचा एक रकाना, आजी-आजोबांचासुद्धा. आणि प्रत्येकाचा एक साधा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत लिहा : किती वाजता उठणार, कशाने जाणार, किती वाजता परतणार. तो ज्याचा त्याने लिहायचा, दुसऱ्याने नाही.

मग प्रत्येकाने एकच मर्यादा सांगावी, जिच्यापलीकडे निभणार नाही. "एका वेळचा प्रवास तासाच्या आत." "भाडं उत्पन्नाच्या एवढ्याच भागात." "मुलीची शाळा वीस मिनिटांत." या मर्यादा एकमेकींत खोडायच्या नाहीत. हर्बर्ट सायमन या विचारवंताने असं दाखवलं की माणूस सर्वोत्तमाच्या शोधात नसतो, 'पुरेसं चांगलं' सापडलं की थांबतो. आणि यात मूर्खपणा नाही, शहाणपण आहे. सगळ्यांच्या मर्यादेत बसणारं पहिलं घर मिळालं, की शोध थांबवा. एकही बसत नसेल, तर कुणाची मर्यादा ओलांडायची हे उघडपणे, त्या माणसाच्या संमतीने आणि किती वर्षांसाठी हे बोलून ठरवा.

आणि बघायला जाताना रविवारी दुपारी जाऊ नका. रविवारी दुपारी प्रत्येक वस्ती छान असते. सोमवारी सकाळी साडेआठला त्या घरापासून ऑफिसला जाऊन बघा. एकदा पावसात जा.

शेवटी प्रीस्टलींकडे येतो. ते १७७३ मध्ये काल्नला गेले. १७७४ च्या ऑगस्टमध्ये शेलबर्नच्या बोवुड या वाड्यातल्या प्रयोगशाळेत त्यांनी तो वायू वेगळा केला, ज्याला पुढे ऑक्सिजन म्हणू लागले. फ्रँकलिनच्या कागदावर कुठल्याच बाजूला ऑक्सिजन नव्हता. नवी जागा काय देईल ते आधी लिहिता येत नाही. आपल्या हातात एवढंच आहे, की जे लिहिता येण्यासारखं होतं आणि लिहिलं नाही, असं काही राहू नये.

एक प्रश्न घेऊ.

प्रश्न : मग त्या जोडप्याला तुम्ही काय सांगितलंत? दोघांच्या मधोमध राहायचं?

उत्तर : मधोमध हे न्याय्य दिसतं. पण बारा वाजता शाळेतून फोन आला, मुलीला ताप आहे, तर दोघंही तासाभराच्या अंतरावर असतात. मी म्हटलं, दोघांपैकी एकाने मुलीजवळ असावं. कोणी, ते तुम्ही ठरवा. आणि ते कायमचं नको. त्यांनी आपापले मंगळवार लिहिले. त्याच्या कंपनीत आठवड्यातून दोन दिवस घरून काम चालतं, हे तेव्हा बोलण्यात आलं. आता त्यांनी हडपसरला ११ महिन्यांसाठी घर घेतलंय. तीन दिवस तो लांब जाईल. करार संपायच्या आधी दोघं पुन्हा कागद घेऊन बसणार आहेत. त्यांचं बरोबर ठरेल की नाही, मला माहीत नाही. पण तिची बाजू तिने स्वतः लिहिली आहे.