'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका : मेंदूतील पाणी आणि शंट शस्त्रक्रिया

घाटकोपर, मुलुंडपासून अंधेरी, बोरिवलीपर्यंतच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला असे ज्येष्ठ भेटतात, ज्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवीवर ताबा राहत नाही आणि विसरणे वाढलेले असते. लाजेपोटी ते विहारात येणे थांबवतात. घरचे म्हणतात, "वय झालं." पण या तीन लक्षणांमागे कधी कधी उपचार होऊ शकणारा आजार असतो : नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साठणे. १९६५ मध्ये कोलंबियाचे डॉ. सालोमोन हाकिम आणि अमेरिकेचे डॉ. रेमंड अ‍ॅडम्स यांनी तो जगासमोर मांडला.

सीटी स्कॅन किंवा एमआरआयनंतर डॉक्टर पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून चाल सुधारते का, ते पाहतात. सुधारली तर शंटचा फायदा होण्याची शक्यता वाढते. शंट म्हणजे मेंदूतील जादा पाणी पोटात सोडणारी, कातडीखालून नेलेली बारीक नळी. उत्तर प्रदेशातील शाहजहानपूरला बनणारा स्वस्त छाब्रा शंट आपल्याकडे बराच वापरला जातो.

फायदा किती? २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात ९९ रुग्णांना शंट बसवला. काहींचा सुरुवातीला जवळजवळ बंद ठेवला. तीन महिन्यांत चालू शंटवाल्यांच्या चालण्याचा वेग स्पष्ट वाढला, बंदवाल्यांचा जवळपास तेवढाच राहिला. स्मरणशक्तीत मात्र ठळक फरक दिसला नाही. डोक्यात आवरणाखाली रक्त साचण्याचा त्रास चालू शंटवाल्यांत जास्त होता.

पुढच्या वर्षांचे काय? चाल सर्वांत आधी सुधारते आणि अनेकांत काही वर्षे टिकते. स्मृती सर्वांत कमी सुधारते. काळानुसार फायदा घटू शकतो. कधी अल्झायमर, पक्षाघात किंवा गुडघेदुखी त्याला कारण असते, तर कधी नळी तुंबलेली असते. तुंबलेली नळी बदलता येते. म्हणून चाल पुन्हा बिघडली तर "ऑपरेशन फुकट गेलं" असे न समजता न्यूरोसर्जनकडे जावे. ताप, उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा गुंगी आली तर त्याच दिवशी. शंटचे कागद जपून ठेवावेत आणि एमआरआयपूर्वी दाखवावेत. काही शंटची चुंबकाने ठरवलेली पातळी त्यात बदलू शकते.

केईएम, शीव, नायर, कूपर या पालिका रुग्णालयांत चौकशी करता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो का, हे आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतल्याचा प्रसंग विनयपिटकात आहे. आपल्या वस्तीत हा धम्म असा दिसावा : वंदनेला न येणाऱ्या ज्येष्ठांची विहार समितीने, महिला मंडळाने घरी जाऊन विचारपूस करावी, आणि चाल बिघडलेली दिसली तर त्यांना तपासणीला न्यावे. उशीर जितका जास्त, तितका शस्त्रक्रियेचा लाभ कमी होत जातो.