तीन मिनिटांत अख्खा राग! हुबळी-धारवाडच्या तबकड्यांची धमाल

रॉकवाल्यांनो, हात वर करा! जेथ्रो टल या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉक बँडने १९७२ मध्ये ‘थिक ॲज अ ब्रिक’ हा अल्बम काढला. चाळीस मिनिटांहून जास्त, आणि गाणं एकच! जग थक्क झालं. हुबळी-धारवाडच्या रसिकांना मात्र एकच राग तासभर ऐकायची सवय जुनीच. इथल्या गवयांपुढचं चॅलेंज नेमकं उलटं होतं: तासाभराचा राग तीन मिनिटांत बसवून दाखवा!

दहा इंची, ७८ आरपीएमची तबकडी. एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. आलाप, बंदिश, ताना सगळं त्यातच उरकायचं. रीटेकचे लाड नाहीत, एडिटिंग नाही.

माहीत आहे का, ही तबकडी कशाची बनायची? लाखेची! झाडावरच्या लाखेच्या किड्यांपासून मिळणारी तीच लाख. लाखमोलाचं गाणं, लाखेवरच!

आता हुबळीची रेकॉर्डस्टार. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एचएमव्ही या रेकॉर्ड लेबलवर एक नाव झळकलं: गांधारी. या कोण, माहीत आहे का? आपल्या गंगूबाई हनगल! वय अवघं विशीच्या आसपास. गायक जी. एन. जोशींबरोबर त्यांनी चक्क मराठी भावगीतंही गायली.

पण खरा धक्का पुढेच आहे. त्या तबकड्यांवरचा आवाज बारीक, टोकदार, चपळ. नंतरच्या एलपीवर (लाँग प्ले तबकडीवर) ऐका, तर खर्जातला भारदस्त, पुरुषी आवाज! टॉन्सिल्सच्या शस्त्रक्रियेनंतर आवाज बदलला. दुसरी कुणी असती तर गाणंच सोडलं असतं. बाईंनी त्याच आवाजात किराणा घराण्याचा विलंबित ख्याल असा उभा केला की, आज गंगूबाई म्हटलं की तोच आवाज आठवतो. माझ्या मते भारतीय संगीतातला हा सर्वांत जबरदस्त कमबॅक!

आणि हे ऐका. एचएमव्हीची मूळ कंपनी १९३१ मध्ये ईएमआय या कंपनीत विलीन झाली. पिंक फ्लॉइड या रॉक बँडचा १९७३ चा अल्बम ‘डार्क साइड ऑफ द मून’ रेकॉर्ड झाला तो लंडनच्या ॲबी रोडवर, ईएमआयच्याच स्टुडिओत. म्हणजे हुबळीच्या गांधारी आणि पिंक फ्लॉइड एकाच घरचे कलाकार!

एका तबकडीने भारतरत्न घडवलं, माहीत आहे का? गदगजवळच्या रोणचा एक मुलगा अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरी रेकॉर्डवर ऐकून वेडा झाला आणि १९३३ मध्ये, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून पळाला. गुरू भेटले ते हुबळीजवळच्या कुंदगोळात: सवाई गंधर्व. पुढे विशीच्या सुरुवातीलाच त्याची स्वतःची पहिली रेकॉर्ड आली. शास्त्रीय नव्हे, कन्नड आणि हिंदी भक्तिगीतांची! मुलाचं नाव भीमसेन जोशी.

धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर तर एचएमव्हीचे म्युझिक डायरेक्टरही होते. गायक ते, संगीत दिग्दर्शक ते, पुढे आकाशवाणीचे सल्लागारही तेच. एलपी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली, आणि मन्सूरांनी पोतडी उघडली: शिवमत भैरव, बिहारी, एक निषाद बिहागडा! जे राग इतर गवयांच्या यादीत क्वचितच सापडत, ते घरोघरी वाजू लागले. प्रोग्रेसिव्ह याहून वेगळं काय असतं?

बोनस! मन्सूरांच्याच जयपूर-अत्रौली घराण्यातल्या, गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर १९७७ पासून अंतराळात आहेत. व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत त्यांची भैरवी आहे. बाजूला बाख, बीथोव्हेन आणि चक बेरी! व्हॉयेजर १ तर २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेरही गेलं.

तुमच्या माळ्यावर जुन्या तबकड्या असतील, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी लेबलं वाचा. गठ्ठा आडवा रचू नका, तबकड्या उभ्या ठेवा. लाख ठिसूळ असते, वजनाने तडकते. आणि ‘गांधारी’ दिसली, तर ती कुणालाही देऊ नका!